सरपणाची बाजू

नेझुसावा, आकिता
९ जानेवारी १९७१

बाबांना हात्सुएचा नमस्कार.

नव्या वर्षाचं पत्र उशिरा जातंय, रागावू नका. बातमी मोठी आहे म्हणून नीट बसून लिहायची होती. एप्रिलच्या शेवटी तुम्ही आजोबा होणार. शिगेकाझुंना तिकडे तोक्योच्या बोगद्याच्या कामावर कळवलंय. त्यांचं कार्ड आलं, "जपून राहा", एवढंच. बर्फ वितळल्याशिवाय ते घरी यायचे नाहीत. गावातले साके-दारूचे भट्टीवाले सोडले तर सगळ्याच घरांतले तरुण पुरुष हिवाळाभर बाहेर असतात, त्यामुळे त्याचं कुणाला काही वाटत नाही.

परवा गावच्या सभागृहात साराची मोजणी झाली. आमच्याकडे माणसं पन्नाशीच्या आत पक्षाघाताने जातात, म्हणून ओताकी नर्सबाई घरोघरच्या मिसोच्या सारातलं मीठ मोजतात. प्रत्येक घराने सकाळचं सार डब्यातून न्यायचं. सासूबाईंनी सार तयार होताक्षणी वरची पहिली पळी डब्यात भरली आणि डबा किमोनोच्या बाहीखाली धरून नेला. आमचं सार गावात सगळ्यात अळणी निघालं. मामंजी घरी येईपर्यंत रस्त्यात भेटेल त्याला सांगत होते. सगळ्यात खारट निघालं ते साके-भट्टीवाल्यांचं.

मग बाईंनी गरोदर बायकांचा दाब पाहिला. माझ्या दंडाला पट्टा बांधला, सोडला, पुन्हा बांधला. "जिना चढून आलीस का?" सभागृहाला जिना नाही, बाबा. भट्टीवाल्यांच्या सुनेचा दाब मात्र छान. तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलंय की फेब्रुवारीअखेर उतरला नाही तर मला इस्पितळात ठेवतील आणि वेळेआधी मूल काढावं लागेल. तेव्हा ते जगेलच असं नाही, हे त्यांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं.

पाय सुजतात. आईचे सुजायचे का? ती गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते, मला तिचे पाय आठवत नाहीत. तुम्हाला सगळं आठवतं म्हणून विचारते.

हात्सुए


निइगाता
१६ जानेवारी

हात्सुएस,

पत्र वाचून आनंद झाला आणि लगेच डोकं फिरलं. दोन्ही एकाच पानावर कशाला लिहिलंस?

एक एक मुद्दा घेऊ. मी शाळा सहावीत सोडली हे खरं, पण वैद्यकाचे तीन जाडजूड ग्रंथ जुन्या बाजारातून आणून समासात टिपणं काढत वाचलेत, आणि तुमच्या तालुक्याच्या डॉक्टरने ते उघडले असतील असं मला वाटत नाही. दाब मोजताना पट्टा दंडाच्या जाडीच्या मानाने अरुंद असला तर आकडा चढा येतो. पट्टा किती रुंद होता ते बाईंना विचार.

सार अळणी आणि तुझा दाब चढा, ह्या दोन गोष्टी एका घरात बसत नाहीत. तर्काने तीनच शक्यता उरतात. बाईंचं उपकरण चुकीचं आहे. किंवा तू चोरून लोणचं खातेस. धुरावलेल्या मुळ्याचं लोणचं लहानपणी तुझ्यापासून कपाटात लपवून ठेवावं लागायचं. किंवा मोजणीच्या दिवशी एक सार आणि एरवी दुसरं, म्हणजे तुझ्या सासूचा हात खारट आहे आणि त्या दिवशीपुरता त्यांनी तो आवरला.

आईबद्दल विचारलंस. तिचे पाय सुजायचे, होय. ते तिच्या माहेरचं. तिची आई आणि मावशी तशाच गेल्या. रक्तातच होतं ते, त्याला कुणी काय करणार. तू माझ्यावर गेली आहेस, तुला ती भीती नाही.

सारातलं मीठ मोजायचं उपकरण मी स्वतः करून पाठवतो. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला त्यात अवघड काही नाही.

बाबा


नेझुसावा
२५ जानेवारी

बाबा,

एक गोष्ट तुम्हाला आधीच सांगायला हवी होती. इथे कुणाचंही पत्र आलं की जेवणानंतर मामंजी ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचतात. त्यांना वाचायला आवडतं, आणि गावात त्यांच्यासारखं वाचणारं कुणी नाही.

तुमचं पत्र त्यांनी ठसक्यात वाचलं. "तीनच शक्यता" वर मान डोलावली. मग तिसरी शक्यता आली. ते थांबले नाहीत. सुरू केलेलं वाक्य अर्ध्यावर सोडणं त्यांना जमत नाही.  मी खाली बघत होते.

सासूबाई म्हणाल्या, "हात खारट आहे म्हणतात व्याही. येऊन चाटून बघा म्हणावं."

मामंजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. सासूबाई नाही हसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी सार आणखी पातळ केलं आणि मामंजी कुरकुरले, "ह्यात मासा सोडला तर पोहेल." तेव्हा मीठ लपवायचा प्रश्न नाही, बाबा. त्या वाईट नाहीत. माझ्या वाटीत भाजी आणि तोफू सगळ्यांपेक्षा जास्त असतं, मी मोजून नाही पण बघून सांगते.

लोणचं मी खात नाही. पट्टा योग्य रुंदीचा आहे. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "तुझे बाबा डॉक्टर आहेत का?" मी म्हटलं, "रेडिओचे."

थंडीची काळजी करू नका. मी उत्तरेच्या खोलीत निजते, गरम पाण्याची बाटली असते. इथे चूल खोलीच्या मधोमध जमिनीत खणलेली, चौकोनी असते, आणि जेवताना तिच्या चारी बाजू ठरलेल्या आहेत. एक मामंजींची, एक सासूबाईंची, एक पाहुण्यांची, पाहुणा नसला तरी मोकळी. चौथी सरपणाची, जिथून लाकडं आत सारतात. तिथे मी.

हात्सुए


निइगाता
२ फेब्रुवारी

हात्सुएस (आणि हे वाचून दाखवणाऱ्या योसाकुरावांना नमस्कार),

तोकुबाईंच्या हाताबद्दल मी जे लिहिलं ते तर्काच्या ओघात लिहिलं. माफीदाखल खारवलेला रावस पाठवावा म्हणून दुकानापर्यंत गेलो, पैसेही काढले, आणि मग आपण काय करतोय ते लक्षात येऊन परत आलो. दुकानदार अजून माझ्याकडे विचित्र नजरेने बघतो.

सोबत उपकरण आहे. चांदीच्या दोन तारा, एक सेल, आणि जुन्या रेडिओतला सुईचा काटा. तबकडी मी हाताने रंगवली आहे: डावीकडे हिरवा, मध्ये पिवळा, उजवीकडे लाल. मिसो म्हणजे सोयाबीन आणि मीठ आंबवलेला गोळा, आणि खाऱ्या पाण्यातून वीज जास्त वाहते, एवढंच तत्त्व आहे. तारा सारात नखभर बुडवायच्या, जास्त नाही. सार बोट टेकवता येईल इतकं निवू द्यायचं, कारण कढत साराने सुई उगाच उजवीकडे झुकते. प्रत्येक वेळी तारा धुवायच्या. हे मी चाळीस वेगवेगळ्या पाण्यांवर तपासलं आहे, समुद्रावर जाऊन सुद्धा.

तू सरपणाजवळ बसतेस हे वाचून बरं वाटलं. लाकडं जिथून आत जातात तिथे ऊब सगळ्यात जास्त असणार. म्हणजे थंडी हे कारण उरत नाही.

रोज सकाळी मोज. उत्तर सापडेल.

बाबा


नेझुसावा
१२ फेब्रुवारी

बाबा,

हे पत्र ओताकीबाई टाकणार आहेत, घरात कुणी वाचणार नाही.

उपकरणाचं घरात फार कौतुक झालं. मामंजींनी सगळं मोजलं: चहा, आंघोळीचं पाणी, शेजाऱ्यांचं सार, बर्फ. रोज सकाळी सार तयार झालं की ते स्वतः तारा बुडवतात आणि आम्ही सगळे वाकून बघतो. सुई हिरव्यात. एकही दिवस पिवळ्याला शिवलेली नाही. "बघा," म्हणतात आणि वाटी पुढे करतात.

आणि काल बाईंनी पट्टा बांधला तर दाब एकशे साठ. गेल्या महिन्यापेक्षा वर. त्या पट्टा गुंडाळू लागल्या. मी विचारलं, "भट्टीवाल्यांची सून एवढं खारट खाते, तिला कसं काही होत नाही?" त्या म्हणाल्या, "तिला विचार की ती सकाळी किती वाजता उठते." ह्याचा अर्थ मला लागला नाही. ती तर उशिरा उठते. तिच्या खोलीत तेलाची शेगडी आहे, पाणी मोलकरीण भरते. पण ह्याचा दाबाशी काय संबंध? दाब तर मिठाने चढतो, असं त्यांनीच आम्हाला शिकवलं.

तुमचं सरपणाबद्दल वाचून हसू आलं. बाबा, त्या बाजूला पाठीशी दार असतं. लाकडं बाहेरून आणायची म्हणून ते उघडंच राहतं. पुढून भाजतं आणि मागून बर्फ. पण सगळ्या सुना तिथेच बसतात, सासूबाईही बावीस वर्षं बसल्या.

आणखी एक, हे कुणाला वाचून दाखवणार नाही म्हणून लिहिते. छपरावरचा बर्फ उतरवताना खाली वाकले की डोळ्यांपुढे ठिणग्या उडतात. छान दिसतात. भीती वाटते.

काय चुकतंय ते मला कळत नाही. तुम्हाला कळतंय का?

हात्सुए


(घड्या पडलेल्या कागदावर, मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत)

१७ फेब्रुवारी

व्याहीसाहेब,

मला अक्षरं थोडीच येतात. चुकलं तर समजून घ्या.

तुमचं यंत्र माझ्या हातून बिघडलं. फार वाईट वाटतं. ह्यांना माहीत नाही. यंत्र नर्सबाईंनी बघायला नेलंय असं मी सांगितलंय. जुन्या कपड्यात गुंडाळून परत पाठवते. दुरुस्तीचं काय होईल ते कळवा, मी देईन, अंड्यांचे पैसे माझे असतात.

असं झालं. सकाळी ह्यांनी पातेल्यात मोजलं, हिरवं. हे जेवले. पाहुणे होते ते जेवले. मी जेवले. मग हात्सुए वरून बर्फ काढून आली आणि जेवायला बसली. ती पाणी आणायला उठली तेव्हा मला वाटलं, आपणही एकदा बुडवून बघावं. तिची वाटी समोर निवत होती, तिच्यात बुडवलं. सुई सर्रकन लाल टोकाला गेली आणि तिथेच राहिली. टिचकी मारली. हलली नाही. तारा धुतल्या, पुन्हा तेच. एकाच पातेल्यातलं सार सकाळी हिरवं आणि तासाने लाल कसं असेल? मी काहीतरी जोरात दाबलं असणार.

हात्सुएच्या वाटीबद्दल तुम्ही काळजी करू नका. तळाचा गाळ तिलाच मिळतो, भाजी, तोफू सगळं तळाशी बसतं. ती जेवायला बसेपर्यंत पातेलं चुलीवरच असतं, गार मिळू नये म्हणून. उरलेलं कमी वाटलं तर मी पाणी घालते आणि वर मिसोचा एक चांगला गोळा घालते. मी सून होते तेव्हा माझी सासू नुसतं पाणी घालायची. मी ठरवलं होतं, माझ्या सुनेला पाणचट वाढणार नाही.

तोकु


निइगाता
२२ फेब्रुवारी

ओइकावा घरातल्या सर्वांना, आणि विशेषतः वाचून दाखवणाऱ्या योसाकुरावांना,

उपकरण नर्सबाईंकडून माझ्याकडे तपासणीला आलं होतं. ते परत पाठवत आहे. ह्यात कुणाचाही दोष नाही. नाजूक उपकरणं अधूनमधून करणाऱ्याकडे परत येतातच.

तपासणीत काही गोष्टी आढळल्या. त्या योसाकुरावांसारख्या वाचणाऱ्या माणसाला सांगताना फार फोड करावी लागणार नाही.

पहिली. सुईला आता नव्याने सवय लावावी लागेल. त्यासाठी पातेल्यातलं सार चालणार नाही. गरोदर बाईच्या वाटीतलं लागेल, कारण मोजायचं आहे ते तिच्यासाठी. सार तयार होताच पहिली वाटी हात्सुएची भरायची, निवली की तारा बुडवायच्या, रंग बघायचा, आणि तारा काढल्याबरोबर तिने ते प्यायचं. वाटी ठेवून दिली तर मोजणी वाया जाते. त्यानंतर इतरांनी जेवावं.

दुसरी. मोजणी झाल्यावर पातेलं चुलीवरून उतरवायचं. नंतर त्यात काही घालायचं झालं तर फक्त पाणी.

तिसरी. दाराच्या वाऱ्याने सुई थरथरते. उपकरण आणि ज्याची वाटी आहे तो माणूस, दोघांनी पाहुण्यांच्या बाजूला बसावं. पाहुणा आलाच तर त्याला समजावून सांगावं की उपकरण आहे.

चौथी. सेलला थंडी सोसत नाही. रात्री तो चुलीच्या खोलीत ठेवावा, आणि तो सांभाळायला हात्सुएने तिथेच निजावं.

पाचवी. ज्याची वाटी त्यानेच तारा बुडवाव्यात, आणि त्या हाताला कंप नसावा. फावड्याने बर्फ काढल्यावर हात तासन्‌तास कापतो, हे मी स्वतःवर तपासलं आहे. तेव्हा ते काम दुसऱ्या कुणाकडे सोपवलेलं बरं.

हे सगळं उपकरणासाठी आहे. बाळ होईपर्यंत तरी ह्यात कसूर होऊ नये.

तोकुबाईंना वेगळं लिहायचं होतं. तीन कागद फाडले. दुरुस्तीला काही खर्च आला नाही, एवढं त्यांना सांगावं.

कुनिजिरो सागावा


नेझुसावा
८ मार्च

बाबा,

मी इस्पितळात नाही. घरी आहे, पोटात बाळ लाथा मारतंय.

तुमचं पत्र वाचताना मामंजी पहिल्यांदाच मध्ये थांबले. "पहिली वाटी हात्सुएची" वर आले आणि पान उलटून पाहिलं, मागे काही खुलासा आहे का. मग म्हणाले, "यंत्राचं आहे, आपण काय बोलणार." आता सकाळी ते भुकेले बसून राहतात आणि मी पिते. सगळे माझ्या घशाकडे बघतात.  शेजारच्या आजी आल्या, मला पाहुण्यांच्या बाजूला बघून दारातच थबकल्या. सासूबाई त्यांना म्हणाल्या, "ती नाही बसलेली, सेल बसलाय." गावभर झालं ते.

छपरावर मामंजी स्वतः चढले. दोनदा घसरले.

गेल्या आठवड्यात दाब एकशे चाळीस, परवा त्याच्याही खाली. पायाची सूज अर्धी उतरली. डॉक्टर म्हणाले, इतक्यात ठेवून घ्यायची गरज नाही, एप्रिलपर्यंत वाट बघू. मी ओताकीबाईंना विचारलं, कशाने उतरला? वाटीने, उबेने, की छपरावर चढायचं बंद झालं त्याने? त्या म्हणाल्या, "सगळं एकदम बदललंत, आता कुणाला कळणार." मग म्हणाल्या, पुढच्या मोजणीला प्रत्येक घराने दोन डबे आणायचे, एक पातेल्यातला आणि एक सुनेच्या वाटीतला. बायका कुजबुजल्या. कितीजणी आणतील कोण जाणे.

माझी शेवटची वाटीच खारट व्हायची हे सासूबाईंना कळलंय, बाबा. कसं ते माहीत नाही. परवा भांडी घासताना मला पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मी मिसो घालत होते ते बरं व्हावं म्हणून." मी म्हटलं, "माहीत आहे, आई." त्या म्हणाल्या, "मग माझी सासू नुसतं पाणी घालायची ते?"   पातेलं पालथं घालून त्यांनी विचारलं, "तुझी आई कुठे बसायची गं?"

मी आठवायला गेले. आपल्याकडे चूल नव्हती, बैठं मेज होतं. तुम्ही, दादा, मी. आई दिसत नाही. तिचा आवाज येतो, किमोनोची बाही दिसते. ती जेवताना मला आठवतच नाही. तुम्ही तर सगळं टिपून ठेवता. ती कुठे बसायची? कधी जेवायची?

हात्सुए


निइगाता
१९ मार्च

हात्सुएस,

दाब उतरला, हे वाचून मी दुकान बंद करून समुद्रापर्यंत चालत गेलो आणि परत आलो. उत्तर लिहायला वेळ लागला त्याचं कारण ते नाही.

तुझ्या प्रश्नाचं अचूक उत्तर द्यावं म्हणून मी त्या खोलीचा नकाशा काढायला बसलो. मेज चौकोनी, एक कोपरा उडालेला. तो मी सरस लावून बसवला होता. वर दिवा, त्याची वायर डावीकडून आलेली. खिडकीशी मी, कारण उजेडाला पुस्तक धरता यायचं. माझ्या उजव्या हाताला तुझा दादा. समोर तू, दोन उशांवर. रेडिओ माझ्या मागे, त्याची काच तडकलेली. हे सगळं मी आजही डोळे मिटून मापासकट काढू शकतो, आणि काढलं आहे.

चौथी बाजू स्वयंपाकघराच्या दाराकडे होती. तिथे ती असणार, दुसरी जागाच नाही. पण मी पेन्सिल तिथे नेतो आणि मला फक्त एक हात दिसतो, वाटी ठेवणारा. वाटी ठेवली की हात जातो. कुठे जातो ते मला दिसत नाही. ग्रंथ काढले, समासातली माझी त्या वर्षांची टिपणं पाहिली. तिच्या आईचा, मावशीचा दाब, त्यांच्या गेल्याच्या तारखा, सगळं आहे. ती जेवायची कधी, हे कुठेच नाही.

मग वाटलं, निदान मोजून बघावं. उरलेल्या तारांचं दुसरं उपकरण केलं. सार केलं, पहिल्या वाटीत बुडवलं, हिरवं. आता शेवटची वाटी, म्हणून पातेलं शेगडीवर ठेवून बसलो, आणि बऱ्याच वेळाने लक्षात आलं. इथे मी एकटाच जेवतो. पहिली वाटी ती माझीच आणि शेवटची तीही माझीच. मध्ये कुणी जेवून उठायचं नाही, कुणी वाट बघत थांबायचं नाही. हे घर ते मोजू शकत नाही.

नकाशा सोबत पाठवतो. चौथी बाजू कोरी ठेवली आहे. तोकुबाईंनाही दाखव, तिथे काय असतं ते त्यांना माझ्यापेक्षा ठाऊक असेल. दोघींनी मिळून भरा. पण शाईने नको, पेन्सिलीने भरा. माझी अजून खात्री झालेली नाही.

बाबा